दुरुस्त गाडीची मापं: वायरलेस मेजरिंग सिस्टीम वापरताना नेमकं कुठे चुकतं

गणपतीला निघालेली गाडी कशेडी घाटात पुढून ठोकते. डेंटिंग-पेंटिंग इकडेच, चिपळूण-रत्नागिरीच्या पट्ट्यात होतं. दिवाळीत मालक परत उभा: "पुढचा डावा टायर आतून खातोय." टायर बदलून झाला, अलाइनमेंट तीनदा झालं, दुखणं तेच. फाईल काढून बघावी तर मेजरिंगचा रिपोर्ट व्यवस्थित लावलेला आणि त्यातला प्रत्येक आकडा हिरवा, म्हणजे मशीनच्या मते जागेवर.

अशा रिपोर्टमध्ये मशीन सहसा चुकलेलं नसतं. चूक पहिल्या अर्ध्या तासात, बेस पॉइंट (गाडीवरचे ज्यांच्यावरून बाकी सगळं मोजतात ते बिंदू) घेईपर्यंतच होऊन गेलेली असते. पुढचे आकडे त्या चुकीवर इमानदारीने उभे राहतात. म्हणून इथे तयारीलाच जास्त जागा दिली आहे. वाकलेली बॉडी चेनने खेचायची कशी ते बहुतेक मिस्त्र्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मशीन काय करतं, एवढं आधी डोक्यात असू द्या. मशीन म्हणजे सांधे असलेला मोजणीचा हात, म्हणजे आर्म. त्याच्या प्रत्येक सांध्यात कोन मोजणारा सेन्सर असतो. आर्मच्या तुकड्यांची लांबी कॉम्प्युटरला ठाऊक असते. कोन आणि लांबी यांवरून आर्मच्या शेवटी बसवलेल्या टिपचं टोक कुठे आहे ते तो काढतो आणि लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे दाखवतो. आर्मवरचं बटण दाबलं की माप ब्लूटूथने जातं. वायरलेस म्हणजे इतकंच. वायर नाही म्हणून आर्मचा पाया कुठेही सरकवला तरी चालतो, असा समज मी चांगल्या चांगल्या वर्कशॉपमध्ये पाहिला आहे. पाया हलला की बेस पॉइंट पुन्हा घ्यायचे, मग तो बोटभर का हलला असेना.

टप्पा १: जागा आणि गाडी तयार करणं

आर्मचा रूळ बेंचलाच (गाडी बांधून खेचायच्या लोखंडी चौकटीला) बसवलेला असेल तर जमिनीची फार चिंता नाही. आर्म वेगळ्या ट्रॉलीवर असेल तर मात्र आहे. आपल्याकडे जुन्या शेडमध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची जमीन असते, वर सिमेंटचा पातळ गिलावा. कोणी शेजारून ट्रॉली जॅक ओढत नेला तरी ती दबते. ट्रॉलीच्या जागेपुरतं तरी पक्कं काँक्रीट करून घ्या आणि चाकांचे ब्रेक लावा.

ऊन. मे महिन्यात अंगणात तापलेली गाडी थेट आत घेऊन मोजायला बसू नका. लोखंड दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी फुगतं. ३ मीटरच्या अंतरावर २० अंशांचा फरक म्हणजे ०.७ मिमी. मूळ मापापेक्षा ३ मिमी इकडेतिकडे चालतं, त्या सवलतीतला जवळजवळ चौथा हिस्सा मोजणी सुरू व्हायच्या आधीच संपला. शिवाय एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल तर गाडी दोन्हीकडे सारखी फुगत नाही. दोनेक तास सावलीत राहू द्या.

पावसाळ्यात उलटा प्रश्न. आर्म एसी ऑफिसच्या कपाटात ठेवतात आणि काढून थेट शेडमध्ये आणतात. थंड आर्मवर दमट हवेचं पाणी जमतं, चष्म्यावर जमतं तसंच. ते सांध्यांत जाऊ द्यायचं नसेल तर पेटी बंदच शेडमध्ये आणून अर्धा तास ठेवा, मग उघडा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. खाऱ्या हवेत स्टीलच्या टिपा एका पावसाळ्यात तांबूस होतात, आणि गंजलेली टिप भोकात नीट बसत नाही.

वीज जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. आर्मची बॅटरी रात्री चार्ज करून ठेवा. मोजणी अर्धी होऊन आर्म बंद पडला तर सॉफ्टवेअर बऱ्याचदा पुन्हा बेस पॉइंट मागतं, आणि मग घाईत माणूस नको तिथे टिप टेकवतो.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि एअरबॅगसाठी कंपनीने सांगितलेला वेळ थांबा. बंपर, खालचं प्लास्टिक कव्हर, चाकाआडचे गार्ड काढा. खालून प्रेशरने धुवा आणि पूर्ण वाळवा.

तपासा: चारही टायर, सामान, डिकीतली नारळांची पोती. हसू नका, पोत्यांसकट मोजलेली गाडी मी पाहिली आहे.

टप्पा २: मोजायची भोकं साफ करणं

कोकणातल्या गाड्यांत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पुणे-नाशिकच्या ट्रेनिंगमध्ये यावर फारसं कोणी बोलत नाही, कारण तिकडे गाडीखाली एवढं काही साचत नाही.

इथे खाऱ्या हवेच्या भीतीने दर पावसाळ्याआधी अंडरकोटिंग मारतात. थरावर थर चढतो. रेफरन्सच्या भोकाच्या कडेवर दीड-दोन मिमी काळं रबर बसलेलं असतं आणि ते इतकं गुळगुळीत असतं की टिप छान बसल्यासारखी वाटते. त्यात गंजाचे पापुद्रे. चिपळूणकडच्या गाड्यांत आणखी एक भानगड: २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर पोकळ मेंबरमधून (बॉडीखालच्या लांब तुळईसारख्या भागातून) वाळलेला गाळ अजून निघतो आणि तो भोकाशी येऊन बसतो.

दोन मिमीने काय होतं, त्याचा हिशेब करून बघा. समजा पुढच्या दोन्ही बेस पॉइंटवर २ मिमी कोटिंग राहिलं, मागचे दोन साफ आहेत. पुढच्या आणि मागच्या बेस पॉइंटमध्ये १५०० मिमी अंतर. पुढच्या मेंबरचं टोक पुढच्या बेस पॉइंटपासून आणखी १५०० मिमी पुढे. टिप खालून टेकते, त्यामुळे मशीनला गाडी पुढे २ मिमी खाली झुकलेली वाटते. तोच उतार पुढे नेला की मेंबरच्या टोकाशी ४ मिमी होतात. म्हणजे अगदी जागेवर असलेला मेंबर मशीन ४ मिमी वर दाखवणार आणि मिस्त्री चेन लावून तो खाली ओढणार. सरळ गाडी वाकडी करायला तेवढं पुरे.

करायचं असं:

१. शीटवर (त्या मॉडेलच्या मूळ मापांच्या तक्त्यावर) आधी कोणते पॉइंट लागणार ते बघा. त्या भोकांना खडूने गोल करा.
२. प्लास्टिकच्या किंवा बोथट पट्टीने कोटिंग खरवडा, मग पितळी ब्रश. ग्राइंडर लावायचा नाही. भोकाची कडच उडाली तर पॉइंट कायमचा गेला.
३. कापडाला थिनर लावून कड पुसा. धातू दिसला पाहिजे.
४. बोटाने कड चाचपा. कुठे उचललेली, दबलेली, गंजून खाल्लेली लागली तर तो पॉइंट बेससाठी वापरू नका.
५. काम संपल्यावर त्या जागी पुन्हा कोटिंग मारा. हे विसरलात तर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

टप्पा ३: बरोबर शीट उघडणं

मॉडेलचं नाव जुळलं म्हणजे शीट जुळली असं नाही. एकाच नावाखाली फेसलिफ्ट येतं, व्हीलबेस बदलतो, पेट्रोल आणि डिझेलचे इंजिन माउंट वेगळे असतात. चासी नंबर आणि उत्पादनाचं वर्ष गाडीवरून वाचा. आरसी बुकावरचं नोंदणीचं वर्ष पुढचं असू शकतं.

एकदा मी स्वतः फेसलिफ्टच्या आधीची शीट लावून दुपारभर मोजत बसलो होतो. मागची बाजू, जिला ओरखडाही नव्हता, ती दोन्हीकडे सारखीच ९ मिमी लांब येत होती. मार न लागलेली बाजू दोन्हीकडे एकसारखी चुकीची दिसली की पहिला संशय शीटवर घ्या.

शीटवर आणखी तीन गोष्टी वाचायच्या असतात आणि त्या वाचल्या जात नाहीत.

इंजिन आत की बाहेर: बऱ्याच पॉइंटना दोन वेगळे आकडे असतात. एक इंजिन-सबफ्रेम (सबफ्रेम म्हणजे इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) बसवलेली असताना, दुसरा काढलेली असताना.

भोक की बोल्ट: बोल्टच्या डोक्यावर माप घ्यायला सांगितलं असेल आणि तुम्ही बोल्ट काढून भोकात टिप घातली, तर उंचीत डोक्याच्या जाडीचा फरक येणार. मूळ बोल्ट हरवून हार्डवेअरच्या दुकानातला जाड डोक्याचा बोल्ट लावलेला असेल, तरीही येणार.

कोणती टिप, कोणतं एक्स्टेन्शन: भोक मोठं आणि टिपचा शंकू लहान असेल तर टिप आत घसरते. लावलेलं एक्स्टेन्शन सॉफ्टवेअरमध्ये निवडायचं राहिलं, तर सगळ्या उंच्या त्या नळीच्या लांबीइतक्या चुकतात. ही चूक इतकी मोठी दिसते की लगेच पकडली जाते. खरा त्रास १-२ मिमीच्या चुकांचा.

टप्पा ४: गाडी बांधणं

मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली, गाडी दरवाजाखालच्या सिलच्या पट्टीवर चार क्लॅम्पने धरली जाते. ही पट्टी आपल्याकडे आतून गंजलेली असते आणि वरून रंगवलेली. आवळण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. भुसभुशीत लागली तर क्लॅम्प खेचताना सटकणार किंवा पट्टी चुरगळणार. तिथे आधी सिलचं काम करा, मग मोजणी.

टू-पोस्ट लिफ्टवर घेतलेली मापं आणि बेंचवर घेतलेली मापं एकमेकांशी लावू नका. टेकू बदलला की बॉडी थोडी वेगळी लवते. पहिल्यापासून शेवटपर्यंत गाडी एकाच प्रकारे धरलेली हवी.

बोलेरोसारख्या वेगळ्या चासीच्या गाड्यांत बेस पॉइंट चासीवरच घ्यायचे. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, आणि जुन्या गाडीत ही रबरं दबून वेगवेगळ्या उंचीची झालेली असतात. बॉडी चासीवर नीट बसली आहे का, ते नंतर वेगळं पाहायचं.

टप्पा ५: बेस पॉइंट

नियम सोपा: मार लागला नाही तिथले, गाडीच्या मधल्या भागातले, एकमेकांपासून शक्य तितके लांब. दोन पुढे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, दोन मागच्या सीटखाली.

चार घ्या. तीन घेऊन सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत असेल तरी चार घ्या. तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसंच तीन बिंदूंतून एक सपाटी नेहमीच जाते. त्यातला एक उंचीला चुकला असेल तर सपाटी गुपचूप कलते आणि स्क्रीनवर सगळं छान दिसतं. चौथा पॉइंट आला की डुगडुग दिसते. चौथ्यावर ३ मिमीचा फरक आला, तर चारपैकी एक तरी घाणेरडा आहे, वाकलेला आहे किंवा टिप चुकीची आहे, एवढं नक्की कळतं. कोणता ते शोधायला एकेक वगळून बघा. ज्याला वगळल्यावर मार न लागलेले इतर पॉइंट शीटशी जुळतात, तो गुन्हेगार.

मार जोराचा असेल तर मधला भागही पिळवटलेला असू शकतो. एक कोपरा वर आणि त्याच्या तिरपा समोरचा कोपराही वर, असे आकडे येतात. अशा वेळी "भोक घाण असेल" म्हणून पुढे जाऊ नका. भोकं दुसऱ्यांदा साफ करूनही तेच आलं तर आधी मधला भाग सरळ करायचा. समोरचं सगळं त्यानंतर.

इशारा: बेस पॉइंट घेताना गाडीत कोणी बसू नये, बॉनेटवर कोणी टेकू नये. रेटून उभा राहणारा एक पोऱ्या प्रत्येक शेडमध्ये असतोच.

तपासा: चारही झाल्यावर पहिला पॉइंट पुन्हा घ्या. आधीच्या आकड्याशी १ मिमीच्या आत जुळला नाही तर आर्मचा पाया हलला आहे किंवा सांधा ढिला आहे. कॅलिब्रेशनची तारीखही याच वेळी बघून घ्या.

टप्पा ६: खेचण्याआधीची पूर्ण मोजणी

पुढून ठोकली म्हणून फक्त पुढचं मोजतात. मागचं आधी मोजा. मागचा भाग जागेवर असेल तर बेस पॉइंट बरोबर असल्याचा तो दुसरा पुरावा. जागेवर नसेल तर धक्का तिथवर पोचला आहे, आणि ते इन्शुरन्सचा सर्वेअर येण्याआधी कळलेलं बरं.

मग मधून बाहेरच्या दिशेने: फायरवॉल, सबफ्रेमचे माउंट, टॉवर (शॉकअब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं तो भाग), अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा), मेंबरचं टोक. वरचा भागही घ्या. दरवाजाच्या बिजागऱ्या, ए-पिलर, दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण. कर्ण साध्या ट्रॅम गेजने (दोन टोकं सरकवता येणाऱ्या मोजपट्टीने) मोजले तरी चालतात. उलट मी तर म्हणेन मोजाच. दुसऱ्या हत्याराने घेतलेलं माप आर्मच्या मापाशी जुळलं की झोप चांगली लागते.

प्रत्येक पॉइंटवर टिप एकदाच टेकवून पुढे पळू नका. काढा, पुन्हा बसवा, दोन्ही आकडे बघा.

ही मोजणी 'दुरुस्तीआधी' या नावाने सेव्ह करा. खेचणं सुरू झाल्यावर ती पुन्हा मिळत नाही, आणि क्लेमच्या वेळी तीच मागितली जाते.

टप्पा ७: खेचताना

आर्म एका पॉइंटवर ठेवून आकडा बदलताना पाहता येतो, ही या सिस्टीमची सगळ्यात उपयोगाची गोष्ट. आणि इथेच फसगत होते. चेन ताणलेली असताना आकडा शून्यावर आला की ओरडा होतो, "आला, आला!" चेन सोडली की लोखंड मागे जातं. ताण असतानाचा आकडा धरायचा नाही. थोडं खेचा, सुरकुतलेल्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा, चेन पूर्ण ढिली करा, मग वाचा. असं तीन-चार वेळा.

फक्त लांबीकडे बघू नका. पुढे येताना मेंबर बाजूलाही सरकतो आणि वरही उचलतो. तिन्ही आकडे एकत्र वाचा आणि समोरच्या बाजूच्या जोडीदार पॉइंटवरही मधूनमधून जा.

जास्त खेचलं गेलं तर मागे ढकलणं सोपं नसतं. ताणलेला पत्रा लांब झालेला असतो. शेवटचे ५ मिमी हळू.

इशारा: मेंबर किंवा पिलर जास्त ताकदीच्या स्टीलचा असेल तर गॅस कटरने तापवून सरळ करू नका. ताकद जाते आणि मापात काहीच दिसत नाही. कंपनीचं मॅन्युअल तो भाग बदला म्हणत असेल तर बदलायचाच.

टप्पा ८: वेल्डिंग

नवा मेंबर किंवा अ‍ॅप्रन क्लॅम्पने बसवा, मोजा. टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा, मोजा. पूर्ण वेल्ड करा, थंड होऊ द्या, मोजा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि तुकडा आपल्याकडे ओढतो, म्हणून एका टोकापासून सलग ओढत नेण्यापेक्षा आलटून पालटून मारा. अर्थिंगची क्लिप कामाच्या जागेजवळ लावा, आर्म आणि लॅपटॉप तोवर बाजूला. आर्म बाजूला नेला म्हणजे परत आणल्यावर बेस पॉइंट पुन्हा. कंटाळा येतो, मान्य आहे.

टप्पा ९: शेवटची मोजणी वाचणं

खेचायचे सर्व क्लॅम्प-चेन सुट्या, सिलचे चार क्लॅम्प पहिल्यासारखेच, सबफ्रेम आणि इंजिन शीटच्या रकान्याप्रमाणे आत किंवा बाहेर, बेस पॉइंट नव्याने. मग सगळे पॉइंट.

±३ मिमी ही सवलत सर्वसाधारण धरली जाते. कंपनीने एखाद्या पॉइंटला कमी दिली असेल तर तीच पाळायची. पण नुसता हिरवा रंग बघून थांबू नका. डावा मेंबर +३ आणि उजवा −३, दोन्ही हिरवे. तरी एकमेकांच्या तुलनेत ६ मिमीचा फरक. बॉनेटच्या फटी त्यातूनच वाकड्या दिसतात. डावी-उजवी जोडी शेजारी ठेवून वाचा.

टॉवरवर जास्त कडक राहा. टॉवरचं डोकं ५ मिमी आत सरकलं आणि खालचा बॉल जॉइंट त्याच्यापासून ६०० मिमी खाली असेल, तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) साधारण अर्ध्या अंशाने बदलतो. सुरुवातीच्या गाडीचा टायर आतून खात होता तो यामुळेच. मग अलाइनमेंटवाला सबफ्रेम सरकवून किंवा बोल्टच्या भोकातली ढिलाई वापरून आकडा आणून देतो. म्हणून क्रम सांभाळा: आधी बॉडीची मापं, मग अलाइनमेंट. अलाइनमेंट येत नसेल तर परत बेंचवर.

शीटच मिळाली नाही तर

आपल्या बाजारातल्या काही मॉडेलची शीट सॉफ्टवेअरमध्ये नसते. तेव्हा दोन मार्ग. पहिला, कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमधली पॉइंट-टू-पॉइंट अंतरं. दुसरा, त्याच व्हेरिअंटची, न ठोकलेली गाडी मोजून स्वतःची शीट करणं. ओळखीच्या टॅक्सीवाल्याला चहा पाजला की गाडी तासभर मिळते. भोकं साफ करणं तिलाही लागू, नाहीतर तिचं कोटिंग तुमच्या शीटमध्ये कायमचं बसेल.

नुसती डावी बाजू उजव्याशी ताडून बघणं हा तिसरा मार्ग सगळे वापरतात. तो लांबी-उंचीसाठी बऱ्यापैकी चालतो. पण इंजिन माउंट, गिअरबॉक्सच्या बाजूचे ब्रॅकेट हे पॉइंट मुळातच दोन्हीकडे सारखे नसतात. आणि पूर्ण पुढचा भाग एकाच बाजूला सरकला असेल तर लांबी आणि उंची दोन्हीकडे सारखीच येईल. मधली रेषा बेस पॉइंटवरून काढलेली असेल तरच रुंदीत ते सापडतं.

रिपोर्ट तिन्ही द्या, दुरुस्तीआधीचा, वेल्डिंगच्या वेळचा आणि शेवटचा. त्यावर चासी नंबर, शीटचं व्हेरिअंट, इंजिन आत की बाहेर आणि चारही बेस पॉइंटचे आकडे छापलेले हवेत. एक प्रत मालकाला, एक फाईलला. प्रिंट पावसाळ्यात चिकटून पांढरी पडते, म्हणून पीडीएफही मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.